दुर्गेचे सेक्रेटरी

अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपवून कोल्हापूरकर जरा कुठं पाठ टेकतो न टेकतो, तोच सेक्रेटरींच्या अंगात येतं. एरवी हा माणूस गडमुडशिंगीत राहतो याचा निम्म्या गल्लीला पत्ता नसतो. सकाळी मोपेडवरून गुजरीत जायचं, दिवसभर मान खाली घालून कोल्हापुरी साजाची पानं झाळायची आणि रात्री हुपरी रोडनं परत यायचं. साजातला मासा तर त्यांच्या हातचाच घ्यावा. खवला खवला दिसतो. बंगाली माणूस साजातल्या बाकीच्या अवतारांवर श्रद्धेनं काम करतो, मत्स्यावतारावर प्रेमानं.

पण पितृपक्ष लागला की मान वर होते, आवाज चढतो आणि खिशात दोन पेनं येतात. दुर्गापूजा कमिटीचे ते सेक्रेटरी. अध्यक्ष वेगळे असतात. ते कुठल्या तरी बँकेत नाहीतर एमआयडीसीत साहेब असतात, अष्टमीला कडक धोतर नेसून अंजलीला येतात, फोटो काढून जातात. मांडववाला, पोलीस परवानगी, जनरेटर, भटजी हे सगळं सेक्रेटरींकडं. बंगालातल्या घाटाल-दासपूरच्या बाजूचा हा कारागीर गावी राहिला असता तर पूजेत खुर्च्या मांडण्यापलीकडं त्याला कुणी काही सांगितलं नसतं. तिथं थोरले काका होते, त्यांचे थोरले काका होते. इथं पंधराशे-दोन हजार किलोमीटरवर तो एकदम घराण्यातला कर्ता झाला. विट्या-खानापूरकडची आपली गलाईवाली पोरं देशभर पेढ्या टाकून बसलीत, त्यांच्यातही परमुलखातल्या गणेशोत्सवाचा असाच एक कर्ता निघतो. गावाकडं त्याला साधी आरतीची थाळी धरू देत नाहीत.

पहिली लढाई बापट कॅम्पात, कुंभाराशी. सेक्रेटरींना एकाच चौकटीत सगळा परिवार हवा: मधे दुर्गा, दोन्ही अंगांना लक्ष्मी, सरस्वती, गणपती, कार्तिक, पायाशी महिषासुर. देवीचे डोळे कानापर्यंत गेले पाहिजेत. कुंभार म्हणतो, ‘‘डोळं करतो ओ. पर गणपती परवाच घालवला की आपण!’’

‘‘तेव्हा एकटा आला होता. आता आईसंगं आजोळी आलाय.’’

यावर कुंभाराकडं उत्तर नसतं, पण हात त्याचा असतो. महिषासुर दरवर्षी तालमीतल्या पैलवानासारखाच उतरतो. मांडी अशी, की देवीनंच जपून राहावं. कार्तिकाची भानगड निराळी. बंगाल्यांचा कार्तिक मिशीला पीळ देणारा, मोरावर बसलेला छानछोकी बाबू. आणि आपल्याकडं कार्तिकस्वामीचं दर्शन बायकांनी एरवी घ्यायचं नाही. त्यामुळं गल्लीतल्या मावश्या हळदीकुंकवाला येतात, चौघांना हात जोडतात आणि मोरापाशी आलं की सेक्रेटरींच्या बायकोच्या नव्या साडीची चौकशी काढतात.

खरी पंचाईत जेवणाची. कोल्हापूर नवरात्रात अनवाणी चालतं. अंबाबाईला जातं, ललितापंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळ्यासाठी झोंबतं, आणि एरवी बुधवार-रविवार तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारणारी मंडळी वरीच्या भातावर येतात. नेमक्या त्याच दिवसांत सेक्रेटरींच्या स्वयंपाकघरातून वास सुटतो. घरमालकीण मावशींचा घट बसलेला. त्या जिन्यात उभ्या राहून विचारतात, ‘‘सेक्रेटरी, देवीच्या दिवसांत मटण?’’

‘‘मावशी, निरामिष आहे. कांदा नाही, लसूण नाही. आमच्याकडं देवीला असंच चालतं.’’

हे खोटं नव्हे. बोकडाचं मटण कांद्या-लसणावाचून, आलं-जिरं-हिंगात रांधून कालीला, दुर्गेला दाखवायची रीत बंगालात आहे. पण मावशींच्या ओसरीवर त्या संध्याकाळी दोन तट पडले. नवरात्रात मटण खाणं हे मोठं पाप, असं एकाचं म्हणणं. मावशींचे यजमान मात्र म्हणाले, ‘‘खाईनात का. पण बिनकांद्याचं? मटणाला काही इज्जत?’’ मला विचाराल तर मी यजमानांच्या बाजूचा.

मंडपात मात्र खिचुडी, लाबडा, वांग्याची भजी, टोमॅटोची गोड चटणी आणि पायेश. गल्लीतली पोरं उपवास विसरून पंगतीला असतात. संधिपूजेला अष्टमीची शेवटची 24 आणि नवमीची पहिली 24 मिनिटं. तेवढ्यात 108 कमळं आणि 108 दिवे. दिवे जमतात. कमळांसाठी सेक्रेटरी फुलवाल्यांचे पाय धरत फिरतात. एका साली संख्या भरेना, तेव्हा भटजींनी मंत्र लांबवला आणि सेक्रेटरी मोपेडवरून सुटले.

या सगळ्याला पैसा लागतो. वर्गणी मागण्यात सेक्रेटरी आपल्या कुठल्याही तरुण मंडळाला हार जाणार नाहीत, कारण त्यांच्याकडं इतिहास आहे. 1742 साली नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले आणि काटव्याजवळ दाईंहाटला तळ देऊन बसले. शरद ऋतू आला, तसा पंतांनी तिथंच दुर्गापूजेचा घाट घातला. खर्च आसपासच्या जमीनदारांकडून वसूल. तलवार कमरेला असलेल्या माणसाला पावती पुस्तक लागत नाही. नवमीच्या पहाटे नवाब अलीवर्दीखानाचा छापा पडला आणि मराठ्यांना पूजा अर्धी टाकून निघावं लागलं. बर्गी, म्हणजे हे मराठे स्वार, येतील म्हणून पोरांना झोपवणारी अंगाईगीतं बंगालात अजून आहेत.

सेक्रेटरी हे सगळं चहाच्या एका कपात सांगतात आणि शेवटी हळूच म्हणतात, ‘‘तुमच्या पंतांनी आमच्याकडून घेतली होती. बघा, काय जमतं ते.’’ आता या युक्तिवादापुढं कुणाचा खिसा टिकणार? गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष, जो कुणाला रुपया सोडत नाही, त्यानं एका वर्षी पाचशे एक दिले. वर विसर्जनाला ट्रॅक्टर-ट्रॉली आणि हलगीवाले दिले. ढाकी परवडत नाही म्हणून सेक्रेटरी मोबाईलवर ढाक लावून येणार होते. इराणी खणीपर्यंत हलगीच कडाडली. गालांना शेंदूर फासलेल्या बंगाली बायका त्या तालावर अशा नाचल्या की ट्रॅक्टरवाल्यानं दोनदा गिअर चुकवला.

दसऱ्यानंतर हिशेब. तूट येते. सेक्रेटरी राजीनामा देतात, अध्यक्ष तो वाचत नाहीत, कारण कोजागरीला लक्ष्मीपूजा, दिवाळीत कालीपूजा, माघात सरस्वती, आणि कुंभाराची उधारी कुणाच्या नावावर आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं.

फेब्रुवारीत शिवजयंती. मंडळाचा तोच अध्यक्ष सकाळी सकाळी दारात. ‘‘सेक्रेटरी, आता आमची पावती.’’

सेक्रेटरींनी आकडा बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितला.

‘‘भाऊ, पूजा पंतांची मोडली नवाबानं. भरपाई माझ्याकडून का?’’