समिती चालू, संगणक बंद

‘सर्व सभासदांना कळवण्यात येते की, संस्थेच्या कार्यालयातील संगणक सुरू होत नसल्यामुळे देखभाल शुल्काची बिले पुढील सूचनेपर्यंत निघणार नाहीत. तथापि सभासदांनी बिलाची रक्कम मुदतीत भरावी, अन्यथा नियमाप्रमाणे व्याज आकारले जाईल. कार्यकारी समितीच्या आदेशावरून.’

ही हस्तलिखित नोटीस आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लागली तेव्हा सप्टेंबर अर्धा सरला होता. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, असं सहकार कायदा सांगतो. सभेला लागणारा ताळेबंद, गेल्या वर्षीचं इतिवृत्त आणि थकबाकीदारांची यादी हे सगळं त्या एका सीपीयूत. (‘त्या अख्ख्या खोक्याला सीपीयू म्हणत नाहीत’ असं सांगू पाहणाऱ्या सभासदाला ‘विषयपत्रिकेवरचं बोला’ म्हणून खाली बसवण्यात आलं.) समितीची झोप उडाली. थकबाकीदारांनी मात्र संकटकाळात विलक्षण संयम दाखवला.

तातडीची सभा बसली. पहिला विषय अर्थातच ‘शेवटचा हात कोणी लावला?’ मॅनेजर म्हणाला, ऑडिटरच्या माणसाने. ऑडिटरच्या माणसाने फोनवर सांगितलं, मॅनेजरने. चहा आला, बिस्किटं आली, गेल्या समितीच्या कारभाराचा विषय निघाला आणि संगणक मुळात त्यांच्याच काळात घेतला होता, हे इतिवृत्तात नोंदवून घ्यायचं ठरलं. भिंतीवरच्या प्लगकडे तोवर कोणी पाहिलं नव्हतं.

दुसरा विषय निदानाचा. तिथे तज्ज्ञांची वाण कधीच नसते. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी म्हणाले, “व्हायरस आहे.” व्हायरसला चढायला आधी यंत्र चालू व्हावं लागतं, ही अडचण त्यांनी क्षुल्लक ठरवली. खजिनदारांनी वायफायवर संशय घेतला. एका सभासदाने “फॉरमॅट मारा” असं बसल्याजागी फर्मावलं. पडद्यावर काही उमटतच नसताना फॉरमॅट कुठे मारायचा, हे विचारायचं धैर्य कोणाला झालं नाही. वास्तुशास्त्र जाणणाऱ्या काकांनी तेवढी संगणकाची दिशा प्रत्यक्ष जाऊन पाहिली, तो आग्नेयेलाच असल्याची खात्री करून घेतली आणि ‘आमच्या खात्याचा दोष नाही’ असं जाहीर केलं. आधी पाहून मग बोलणारे सभेत ते एकटेच.

आता खुद्द आरोपीची बाजू. बटण दाबलं की संगणक आधी स्वतःचीच झडती घेतो. भिंतीतली २३० व्होल्टची वीज एसएमपीएस नावाचा आतला डबा १२, ५ आणि ३.३ व्होल्टवर उतरवतो, ती नीट उतरली की ‘पुरवठा ठीक’ असा इशारा बोर्डाला देतो. मग बोर्डावरचा छोटा प्रोग्राम प्रोसेसर आहे का, रॅम आहे का, चित्र दाखवणारं कार्ड आहे का, अशी हजेरी घेतो. १९८१च्या आयबीएम पीसीपासून ही रीत चालत आलेली आहे आणि तिला ‘पॉवर ऑन सेल्फ टेस्ट’ म्हणतात. एखादा महत्त्वाचा भाग गैरहजर असला की यंत्र पुढचं काम थांबवतं आणि तसं सांगतं. पडद्यावर लिहून सांगावं तर पडदाच सुरू झालेला नसतो, म्हणून ते बीप वाजवून सांगतं. किती बीप, लांब की आखूड, यावरून रोग कळतो. कंपनीगणिक ही लिपी बदलते, पण अनेक बोर्डांवर लांब बीप पुन्हा पुन्हा वाजली तर रॅमकडे पाहायचं असतं. नव्या बोर्डांवर बीपऐवजी बारीक दिवे असतात, आणि जो दिवा पेटून राहील तिथे घोडं अडलेलं असतं.

आमचा संगणक सोमवारपासून लांब बीप वाजवत होता. हा आवाज लिफ्टच्या दाराचा असावा, म्हणून लिफ्टवाल्याला बोलावलं. लिफ्ट निर्दोष निघाली, हे तिचं गेल्या काही वर्षांतलं पहिलंच यश. मग आवाज संगणकाचाच असल्याचं सिद्ध झालं आणि त्याचा बैठकीला त्रास होतो म्हणून आतल्या स्पीकरची वायर काढून टाकावी, असा ठराव एकमताने संमत झाला. तक्रार निवारणाची ही पद्धत आमच्या समितीला नवी नाही. गच्चीच्या गळतीबद्दल बोलणाऱ्यांनाही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून असंच काढलं होतं.

खरं तर बंद संगणक तपासायचा क्रम कोणत्याही हार्डवेअरवाल्याला पाठ असतो. तो फुकटापासून सुरू होऊन खर्चाकडे जातो. प्लगमध्ये वीज आहे का? एक्स्टेंशन बोर्डात दुसरं काही लावून पाहा. मॉनिटरची वायर वेगळी असते, त्याचं बटणही वेगळं असतं. यूपीएस स्वतःच मेलेला नाही ना? खोक्याच्या मागचा छोटा काळा स्विच साफसफाईत खाली गेला नाही ना? मागे कोणाचा पेन ड्राइव्ह लावून ठेवलेला असला की काही संगणक विंडोज हार्ड डिस्कऐवजी त्यातच शोधत बसतात. आमच्या खोक्याच्या मागे गणेशोत्सवाच्या फोटोंचा पेन ड्राइव्ह निघाला. एवढ्यानेही भागलं नाही तर वायर काढून चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. मग खोकं उघडायचं, रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवरून शाळकरी खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, भुगा झटकून पट्टी ‘खट्’ आवाज येईपर्यंत परत बसवायची. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहायची. एसएमपीएसचा डबा मात्र घरच्या माणसाने कधीही उघडू नये, आतले कपॅसिटर वायर काढल्यावरही झटका देतात. आणि मदरबोर्डवर संशय घ्यायचा तो सर्वांत शेवटी.

समितीचा क्रम नेमका उलटा, आणि त्याला सबळ कारण आहे. ज्या दुरुस्तीला खर्च नाही तिला ठराव लागत नाही. ठराव नाही तर इतिवृत्तात नाव नाही. प्लग पाहण्यासाठी तीन कोटेशनं कशी मागवणार?

तेव्हा तीन कोटेशनं मागवली. पहिल्या मेकॅनिकने दारातूनच सांगितलं, “बोर्ड उडालाय, साहेब.” हात लावण्याआधीच निदान, यावर सगळे प्रसन्न झाले. दुसऱ्याने फॉरमॅटचा दर दिला आणि ‘डाटा गेला तर जबाबदारी आमची नाही’ हे वाक्य पावतीवर छापलेलंच आणलं. तिसऱ्याने विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून मशीन चालू होत नाही, असं सांगितलं. तारीख बरोबर, निष्कर्ष त्याच्या दुकानाच्या सोयीचा. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या देणं थांबवलं, कोणाच्या घरी जाऊन वीज तोडली नाही. तिन्ही कोटेशनांचा शेवट ‘नवीनच घ्या’ असा होता.

या टप्प्यावर चेअरमनसाहेबांनी प्रश्न जागतिक पातळीवर नेला. “अहो, १९ जुलै २०२४ विसरलात? जगभरचे संगणक बंद पडले होते!” साहेबांचं म्हणणं खरं आहे. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने एक सदोष फाइल पाठवली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळा पडदा दाखवून बसली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण जी यंत्रं पडली होती ती आपोआप उठेनात. एकेका संगणकाजवळ माणूस बसवून, सेफ मोडमध्ये जाऊन, नावात २९१ आकडा असलेली ती फाइल पुसावी लागली. डिस्कला कुलूप असेल तर आधी ४८ आकडी किल्ली टंकायची. क्लाउडवरच्या यंत्रांबाबत तर मायक्रोसॉफ्टने सांगितलं की, पुन्हा पुन्हा रीस्टार्ट केल्यावर काही ग्राहकांची यंत्रं सुरू झाली आहेत, काहींना मात्र पंधरा वेळापर्यंत करावं लागलं. बंद करून पुन्हा चालू करण्याचा आमच्या मॅनेजरचा उपाय एवढ्या मोठ्या कंपनीच्या तोंडून ऐकल्यावर त्याची कॉलर ताठ झाली.

साहेबांचं पुढचं सांगायचं मात्र राहिलं. क्राउडस्ट्राइकने पुढच्या महिन्यात स्वतःच्या चुकीचा अहवाल स्वतः छापला: एका ठिकाणी माहितीचे २१ रकाने अपेक्षित होते, पुरवले गेले २०, आणि एकविसावा वाचायला गेलेला प्रोग्राम विंडोजला घेऊन कोसळला. एका रकान्याची चूक जगासमोर मान्य केली. आमच्या ताळेबंदात ‘इतर खर्च’ नावाचा रकाना आहे. त्याबद्दल विचारलं की सभेला घरी जायची घाई होते.

दरम्यान दुसऱ्या मजल्यावरची पॉलिटेक्निकला शिकणारी मुलगी पार्किंगची पावती घ्यायला आली, स्पीकरचा ठराव अजून कागदावरच असल्याने वाजत राहिलेली बीप ऐकून थबकली आणि म्हणाली, “काका, रॅम काढून पुसू का?” कोणी ‘हो’ म्हणेपर्यंत तिने वायर काढून खोकं उघडलंही. खोडरबर फिरवला, पट्टी बसवली, बटण दाबलं. एक छोटी बीप, आणि विंडोज सुरू.

पडद्यावर तारीख आली १ जानेवारी २००९. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपला होता. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी त्याच्या नावातच लिहिलेली असते. हा तीन व्होल्टचा सेल संपला की वायर काढताच यंत्र तारीख विसरतं आणि मग सुरक्षा प्रमाणपत्रांच्या तारखा जुळत नाहीत म्हणून बँकेची साइट उघडत नाही. समितीला मात्र तारखेत काही वावगं दिसलं नाही. २००९मध्ये सोसायटीचं कन्व्हेयन्स प्रलंबित होतं, आजही आहे.

त्या मुलीचे आभार मानले गेले, असं कोणाला वाटत असेल तर त्याने सहकारी चळवळ पाहिलेली नाही. इतिवृत्तात नोंद झाली: ‘समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय सभासदाच्या कुटुंबीयाने संस्थेची मालमत्ता उघडल्याबद्दल समज देण्यात आली.’ खोडरबराचे पाच रुपये दुरुस्ती निधीतून द्यावेत की सिंकिंग फंडातून, हा विषय हिशेब तपासनिसांकडे पाठवला आहे. नव्या संगणकाचा प्रस्ताव कायम आहे, कारण तीन कोटेशनं वाया कशी घालवायची? जुना भंगारवाल्याला जाईल, आणि त्यासोबत हार्ड डिस्कमधल्या सगळ्या सभासदांच्या आधार कार्डांच्या प्रतीही. ती डिस्क काढून घ्यावी किंवा पूर्ण पुसावी, हे सुचवणाऱ्याला ‘पुढच्या सभेत मांडा’ असं सांगण्यात आलं. बॅकअप आहे का, या प्रश्नाला उत्तर मिळालं, “आहे ना, त्याच संगणकात दुसऱ्या फोल्डरमध्ये.”

वार्षिक सभा ठरल्या दिवशी बोलावली गेली. गणसंख्या नव्हती. नोटिशीत आधीच छापल्याप्रमाणे ती तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने, त्याच जागी, त्याच खुर्च्यांवर, गणसंख्येची अट न लागता पुन्हा सुरू झाली. बंद करून चालू करण्याचा उपाय सहकार खात्यालाही मान्य आहे, हे त्यावरून स्पष्ट झालं. फरक इतकाच, की संगणक पुन्हा चालू होताना स्वतःला तपासतो.

तेव्हा वाचकहो, तुमच्या सोसायटीतला संगणक बंद पडला तर सभा बोलावण्याआधी प्लग पाहा, बीप वाजत असेल तर ऐका आणि हिशेबाची एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा. समिती बंद पडली, तर मात्र खोडरबर पुरत नाही. त्यासाठी निवडणुकीला उभं राहावं लागतं.