उशिरा देण्याचं शास्त्र

पुरस्कार वेळेवर देणाऱ्या समित्यांचं मला भय वाटतं. ज्याचे हातपाय धड आहेत, जीभ शाबूत आहे आणि पुढचा सिनेमा डोक्यात घोळतो आहे, अशा माणसाच्या एका हातात मानपत्र आणि दुसऱ्या हातात माइक देणं हा शुद्ध अविचार. तो काहीही बोलू शकतो. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या वर्षी काहीही करू शकतो, आणि मग छापून ठेवलेल्या स्मरणिकांचं काय करायचं? मुरलेली समिती थांबते. सत्कारमूर्तीला व्यासपीठावर चढवायला दोन कार्यकर्ते लागायला लागले, की ती शालवाल्याला फोन करते.

या शास्त्रात ज्यांना गती हवी असेल त्यांनी चार्ली चॅप्लिनला मिळालेल्या पुरस्कारांचा अभ्यास करावा. त्याचे सिनेमे बघू नयेत. ते बघितले की हसू येतं, आणि समितीच्या कामात हसू घातक.

अकादमीनं सुरुवात मात्र जरा घाईतच केली. १६ मे १९२९, हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलातला पहिलावहिला ऑस्कर समारंभ. ‘द सर्कस’साठी चॅप्लिनचं नाव अभिनयाच्या यादीत होतं, विनोदी चित्रपटाच्या दिग्दर्शनाच्याही यादीत होतं. लेखन त्याचं, निर्मितीही त्याचीच. एकच माणूस चार पाटांवर मांडी घालून बसला, तर पंगतीतल्या बाकीच्यांनी काय उभ्यानं जेवायचं? अकादमीनं तोड काढली. त्याला स्पर्धेतूनच उठवलं आणि या सगळ्याबद्दल मिळून एक खास पुरस्कार देऊन टाकला. त्याच रात्री दुसरा खास पुरस्कार गेला ‘द जॅझ सिंगर’ काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सला. म्हणजे बोलपटानं मूकपटाचा गळा धरलेला असताना मारेकरी आणि मयत, दोघांचाही सत्कार एकाच कार्यक्रमात. समतोल म्हणतात तो हा. चॅप्लिन तिकडे फिरकलाच नाही.

एवढं झाल्यावर अकादमी सावध झाली. ‘सिटी लाइट्स’ आला १९३१ साली, ‘मॉडर्न टाइम्स’ १९३६ साली. दोन्ही मिळून नामांकनं किती? शून्य. ‘द गोल्ड रश’चा मान मात्र राखला, तोही रीतसर उशिरानं. हा मूकपट १९२५ सालचा. १९४२ साली चॅप्लिननं त्याला निवेदन आणि संगीत जोडून तो पुन्हा काढला, तेव्हा अकादमीला एकदम त्याची आठवण झाली आणि नामांकनं मिळाली ती संगीताला आणि ध्वनिमुद्रणाला! सतरा वर्षं गप्प असलेल्या चित्रपटाच्या आवाजाची दखल घ्यायला कान फार तयार लागतो.

मधे एकदा शिस्त मोडण्याचा प्रसंग आला होता. ‘द ग्रेट डिक्टेटर’ १९४० साली आला, हिटलर ऐन भरात असताना. म्हणजे ज्याची टिंगल करायची तो ती बघायला हयात होता. ही चॅप्लिनची जुनी खोड, तो कामं वेळेवर करायचा. ऑस्करची पाच नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. इथवर सगळं नियमाला धरून. पण न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी त्याला उत्कृष्ट अभिनेता ठरवलं, तेही त्याच वर्षी. आणि हा गृहस्थ म्हणाला, नको. वेळेवर दिलं की असं होतं. घेणाऱ्याच्या अंगात नकार द्यायची ताकद असते.

आता, चॅप्लिन काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. दोन लग्नं सोळा वर्षांच्या मुलींशी, त्यातल्या एका घटस्फोटाचा वर्तमानपत्रांतून झालेला तमाशा. कुणी नाक मुरडलं तर त्याला खोटं ठरवता येणार नाही. फक्त गंमत अशी, की ‘द सर्कस’चं चित्रीकरण याच घटस्फोटाच्या धांदलीत बंद पडलं होतं, आणि खास पुरस्कार मिळाला तो त्याच ‘सर्कस’ला. चारित्र्याचा प्रश्न समित्यांना पडतो तो गरजेप्रमाणे. पुढे गरज पडली.

सप्टेंबर १९५२ मध्ये ‘लाइमलाइट’च्या प्रदर्शनासाठी तो बोटीनं लंडनला निघाला. बोट समुद्रात असतानाच अमेरिकेचे अॅटर्नी जनरल मॅकग्रेनरी यांनी त्याचा परतीचा परवाना रद्द केला. राजकीय मतं आणि वर्तन, दोन्हींची चौकशी झाल्याशिवाय प्रवेश नाही. चॅप्लिन स्वित्झर्लंडला जाऊन राहिला. १९६० च्या सुमारास हॉलिवूडनं फुटपाथवर कलावंतांच्या नावांचे तारे बसवायला घेतले, त्यातूनही त्याला वगळलं. येणाऱ्याजाणाऱ्यानं ज्यावर चप्पल घासायची, त्या फरशीलासुद्धा चारित्र्याचा दाखला लागतो हे त्या वेळी जगाला कळलं.

इंग्रजांना तरी आपल्या लेकराची कीव यावी! १९५६ साली त्याला ‘सर’ करण्याची सूचना आली होती. अमेरिकेला काय वाटेल, या काळजीनं सरकारी बाबूंनी फाइल बाजूला ठेवली. ते कागद उघड झाले २००२ साली. नाही म्हणायला ऑक्सफर्डनं १९६२ साली मानद डॉक्टरेट दिली. त्या दिवशी त्याच्याबरोबर आणखी एक पाहुणे सन्मान घ्यायला आले होते. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क! ज्या सरकारनं दार लावून घेतलं, त्याच सरकारचा मंत्री झगा घालून त्याच रांगेत. विद्यापीठांना विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं?

मग आलं १९७२. चॅप्लिन त्र्याऐंशीला टेकलेला, थकलेला. पाच वर्षांत नवा सिनेमा नाही आणि आता येण्याची शक्यताही नाही. अकादमीला भरून आलं. १० एप्रिलला त्याला समारंभात आणलं. या शतकात सिनेमाला कलेचं रूप देण्यात त्याचा वाटा मोजता येणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी वाचलं. नट जॅक लेमननं त्याच्या हातात त्याची ती सिनेमातली टोपी आणि काठी दिली. लोक उठून उभे राहिले आणि बारा मिनिटं टाळ्या वाजवत राहिले. ऑस्करच्या इतिहासातला हा विक्रम समजतात. वीस वर्षांच्या हद्दपारीला बारा मिनिटं, म्हणजे वर्षाला छत्तीस सेकंद. ज्याच्या तोंडून एके काळी काय निघेल याची सरकारला धास्ती होती, तो रडवेला होऊन जेमतेम चार वाक्यं बोलला. फुटपाथवरचा ताराही त्याच साली बसला.

पण माझं खरं प्रेम आहे ते १९७३ च्या निकालावर. ‘लाइमलाइट’ १९५२ सालचा, पण बहिष्कारामुळे तेव्हा लॉस एंजेलिसच्या थिएटरात लागलाच नव्हता. तो लागला १९७२ साली. अकादमीचा तेव्हाचा कायदा सांगायचा, जो लॉस एंजेलिसमध्ये लागला नाही तो जन्मलाच नाही. त्यामुळे वीस वर्षांचं हे बाळ नवजात म्हणून स्पर्धेत उतरलं. त्याच वर्षी त्याच संगीताच्या गटात ‘द गॉडफादर’ होता. त्याचे संगीतकार नीनो रोता यांनी त्यातली एक धून स्वतःच्याच १९५८ सालच्या ‘फोर्तुनेला’त वापरली होती, हे उघड झालं आणि त्यांचं नामांकन काढून घेतलं. जुना माल चालणार नाही! नंतर मूळ, ताज्या, नव्याकोऱ्या संगीताचं ऑस्कर १९५२ सालच्या ‘लाइमलाइट’ला दिलं. सहसंगीतकार रेमंड रॅश तोवर वारले होते. आणि ज्यानं आयुष्यभर अभिनय केला, दिग्दर्शन केलं, पटकथा लिहिल्या, त्या चॅप्लिनला स्पर्धेतून मिळालेलं हे एकुलतं एक ऑस्कर. मिळालं ते संगीतासाठी, आणि त्याला स्वर कागदावर लिहिता येत नसत. तो गुणगुणायचा आणि दुसरं कुणीतरी लिहून घ्यायचं.

त्याच रात्री मार्लन ब्रँडोनं ‘गॉडफादर’मधल्या अभिनयाचं ऑस्कर नाकारलं. त्याचं वय होतं अठ्ठेचाळीस. मी म्हणतो ना, घाई नडते.

आपल्याकडे या शास्त्राला वेगळी परंपरा आहे. दादासाहेब फाळके १९४४ साली नाशकात विपन्नावस्थेत गेले. पंचवीस वर्षांनी सरकारनं त्यांच्या नावानं सर्वोच्च पुरस्कार सुरू केला. ज्याला काही दिलं नाही त्याच्या नावानं इतरांना देणं, ही आपली स्वतंत्र कमाई. चॅप्लिनची चाल उचलून ‘आवारा’ झालेला राज कपूर हा पुरस्कार घ्यायला मे १९८८ मध्ये दिल्लीला गेला, तेव्हा त्याला धाप लागली होती. राष्ट्रपती वेंकटरामन स्वतः खाली उतरून त्याच्यापाशी आले. महिनाभरात तो गेला. व्ही. शांतारामांना तोच पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. ‘पद्मविभूषण’साठी तर १९९० साली देह ठेवावा लागला. तो किताब १९९२ साली जाहीर झाला.

इंग्लंडनं शेवटी १९७५ साली चॅप्लिनला ‘सर’ केलं. राणीसमोर तो चाकांच्या खुर्चीत बसूनच गेला. गुडघे टेकण्याची अट शिथिल केली म्हणतात. टेकले असते तरी उठवलं कुणी असतं? त्याच यादीत विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस होते, वय त्र्याण्णव. त्यांनी युद्धाच्या काळात बर्लिनच्या रेडिओवर चार विनोद केले होते, त्याचा राग उतरायला तीन दशकं लागली. यादी जानेवारीत निघाली, वुडहाउस फेब्रुवारीत वारले. इतका अचूक नेम क्वचितच लागतो.

चॅप्लिन १९७७ च्या नाताळात गेला. दोन महिन्यांनी दोन चोरांनी स्वित्झर्लंडमधल्या कबरीतून शवपेटी पळवली आणि खंडणी मागितली. त्याच्या जाण्यानंतर त्याची किंमत रोख आकड्यात सांगणारे हे पहिलेच. बायको ऊना हिनं एक पैसाही द्यायला साफ नकार दिला. मे महिन्यात चोर सापडले, पेटी सापडली, पुन्हा पुरली आणि या खेपेला वर काँक्रीट ओतलं. त्यानंतर त्याला कुठल्याही समारंभाला नेता आलेलं नाही.