स्प्रिंग कापणाऱ्या मिस्त्रींना खुलं पत्र

मिस्त्री,

पत्र लिहिण्यास कारण की, तुम्ही ‘लो’ करून दिलेली एक पांढरी हॅचबॅक सध्या माझ्या गॅरेजात लिफ्टवर आहे आणि तुमची कारागिरी तिच्या पुढच्या दोन्ही चाकांमागे उघडी पडली आहे. तुमचं नाव छापत नाही. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ग्राइंडरनं स्प्रिंगा कापणारे तुम्ही एकटेच असतात, तर पत्र खुलं करायची गरज पडली नसती, तुमच्या दारात येऊनच बोललो असतो.

गाडीचा मालक नुकताच नोकरीला लागलेला मुलगा आहे. गाडी हप्त्यावर घेतलेली. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी काढली की चाकातून कट-कट आवाज येतो, ही तक्रार घेऊन तो आधी तुमच्याकडेच आला होता. तुम्ही त्याला म्हणालात, ‘कंपनीचा ॲक्सलच हलका आहे.’ स्प्रिंग कापलीत याचा राग आहेच, पण या वाक्याचा त्याहून जास्त आहे.

तर तो हलका ॲक्सल बघू. बाहेरच्या सीव्ही जॉइंटचं रबरी बूट घडीवर चिरलंय. ग्रीस उडून रिमच्या आतल्या बाजूला थापलं गेलंय. जॉइंट खोलला तर आत उरलेलं ग्रीस मिशरीसारखं काळं आणि खरखरीत. पुसून पाहिलं, तर सहा छर्रे ज्या खाचांमधून सरकतात त्या खाचांना बारीक खड्डे पडलेत. नख फिरवलं की अडकतं. वळणावर जी कट-कट ऐकू येते, ती छर्रे या खड्ड्यांवरून जाताना होते.

हा जॉइंट आल्फ्रेड झेपा नावाच्या इंजिनिअरनं १९२०च्या दशकात काढला. चाक वळलेलं असो, वर-खाली होवो, त्याला मिळणारी गती एकसारखी राहावी, हे त्याचं काम. पण शाफ्ट, म्हणजे तुम्ही ज्याला ॲक्सल म्हणता तो, जितका तिरका, तितके छर्रे दर फेऱ्याला खाचेत जास्त पुढे-मागे घासतात आणि जॉइंट जास्त तापतो. म्हणून गाडी बनवणारे शाफ्ट शक्यतो सरळ रेषेच्या आसपास ठेवतात.

आता हिशेब तुमच्या कामाचा. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स बॉडीबरोबर खाली येतो, चाक मात्र आपल्या जागी राहतं. गिअरबॉक्सच्या बाजूचा आखूड शाफ्ट साधारण ४० सेंटिमीटरचा धरा. तुम्ही गाडी ५ सेंटिमीटर बसवलीत, म्हणजे शाफ्टचा कोन सुमारे ७ अंशांनी बदलला. चाकाकडे किंचित उतरता असलेला शाफ्ट आता चाकाकडे चढता झाला. तशाच गाडीत चार माणसं बसतात, सिंहगडावर जातात आणि तो आणखी चढतो.

इथे तुमच्या बाजूचंही सांगतो, कारण ते खरं आहे. गाडी थोडी खाली घेतली की ॲक्सल जातोच, असं नाही. बऱ्याच गाड्यांत मूळचा शाफ्ट बाहेरच्या बाजूला उतरता असतो, त्यामुळे दोनेक सेंटिमीटर खाली आल्यावर तो उलट सरळ होतो. नीट बनवलेली लोअरिंग स्प्रिंग, तिला जुळणारा शॉकअप आणि नंतर अलाइनमेंट, एवढं केलेली गाडी अशी लवकर कुरकुरत नाही. मुलांना गाडी बसकी आवडते, तर आवडू दे. पण किती सेंटिमीटर चालतील, हे शाफ्टकडे बघून ठरतं, आणि तुम्ही गाडीखाली वाकलाच नाहीत.

शिवाय बम्प स्टॉपरही कापलात. चाक किती वर जाऊ शकतं याची शेवटची हद्द ते रबर ठरवतं. ते शाबूत असतं, तर गाडी दणके खात राहिली असती, पण शाफ्टचा कोन कंपनीनं धरलेल्या मर्यादेत राहिला असता. दणक्यांची तक्रार येऊ नये म्हणून तुम्ही ती हद्दच काढून टाकलीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषात स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आपल्या गल्लीतले त्याहून कितीतरी अरुंद आणि टोकदार असतात, हे तुम्हालाही माहीत आहे. त्या प्रत्येक उडीला शाफ्ट कंपनीनं कधीच न धरलेल्या कोनात जात होता. आतल्या बाजूच्या तीन रोलरच्या जॉइंटचंही हेच. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की अख्खी गाडी थरथरते, ती त्यामुळे. मुलाला वाटत होतं, क्लच गेला.

स्प्रिंगचं तर बोलायलाच नको. सात वेढ्यांतले दोन काढले की उरलेली स्प्रिंग ४० टक्के जास्त ताठ होते. ‘स्पोर्टी’ म्हणून तुम्ही जे विकलंत ते हेच. मूळच्या शॉकअपला ही ताठ स्प्रिंग आवरत नाही. कापलेलं टोक खालच्या वाटीत बसत नाही. लिफ्टवर चाक लोंबलं तेव्हा डावी स्प्रिंग हातानं गोल फिरली. खड्ड्यातून चाक उचललं जातं तेव्हाही ती अशीच सुटी होते आणि परत बसताना नेमकी वाटीत बसेल याची हमी कोणी द्यायची? कापलेल्या जागी निळसर झाक आहे. ग्राइंडरच्या उष्णतेनं तिथल्या पोलादाचं पाणी उतरलंय.

टायरही पाहिले. आतली कड पार गुळगुळीत, बाहेरची जवळपास नवी. गाडी खाली आली की कॅम्बर आणि टो हे चाकांचे दोन्ही कोन बदलतात. तुम्ही अलाइनमेंटला पाठवलं नाहीत, कारण तिथल्या माणसानं पहिला प्रश्न स्प्रिंगांबद्दल विचारला असता. आणि हे कुठे? ज्या पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली, गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था टेकडीवर उभी आहे, त्या पुण्यात तुम्ही साधी टेप लावली नाहीत.

मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनं परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. त्या मालकाला. म्हणजे चौकात गाडी अडवली तर उत्तर देणार तो मुलगा, कापलीत तुम्ही. त्याला हे कोणी सांगितलं होतं? विचारलं मी. कोणीच नाही. बिलही दिलेलं नाही.

मी दोन्ही बाहेरचे जॉइंट, बूट, बम्प स्टॉपर आणि पुढच्या मूळ स्प्रिंगांचा नवा जोड टाकतोय. जुने दोन्ही जॉइंट न धुता पिशवीत ठेवलेत आणि कापलेल्या स्प्रिंगा सोबत बांधल्यात. शनिवारी तो मुलगा हे सगळं माझ्या बिलासह तुमच्या काउंटरवर आणून ठेवेल. सुट्या भागांचे पैसे तुम्ही भरायचे. मजुरी मी लावलेली नाही. आणि ॲक्सल हलका होता, हे वाक्य त्याच्यासमोर मागे घ्यायचं.