दर्जा बुडाला हो!

अमेरिकेत हौशी रेडिओचा सर्वोच्च परवाना हवा, तर एकेकाळी मिनिटाला २० शब्दांच्या वेगाने मोर्स कोड टिपावा लागे. समोर सरकारी परीक्षक, तोंडावर इस्त्री मारलेला. १९८४ पासून परीक्षा स्वयंसेवकांकडे गेली, पुढे प्रश्नसंच उत्तरांसकट हातात पडू लागला. २००० मध्ये वेग सरसकट ५ शब्दांवर उतरला. २००७ मध्ये मोर्सच गेला. आता पहिल्या परवान्याला ३५ पर्यायी प्रश्न, २६ बरोबर आले की साहेब हवेत बोलायला मोकळे! जुनी खोडं म्हणतात, दर्जा बुडाला. (दर्जा दर पिढीला बुडतो, तळ मात्र अजून कुणाला लागलेला नाही.) गंमत अशी, सक्ती उठली तरी मोर्सची कटकट बँडवर चालूच आहे, आणि ती करणाऱ्यांत बिनमोर्सचे पास झालेलेही आहेत.