पराभवाची पताका

केंटकीतल्या लुइव्हिल विद्यापीठाच्या बास्केटबॉल चाहत्यांचे जाहीर अभिनंदन करायला हवे. प्रशिक्षक केनी पेन यांची २०२२ ते २०२४ ही कारकीर्द ते ज्या निष्ठेने आठवतात, ती निष्ठा विजेत्यांच्या वाट्यालाही क्वचितच येते. एकूण १२ विजय, ५२ पराभव. पदार्पणाचे पहिले तिन्ही सामने एकेका गुणाने गेले: ६६-६७, ७२-७३, ६०-६१. हे आकडे पाढ्यांसारखे तोंडपाठ. पेन स्वतः खेळाडू म्हणून ज्या संघात होते, त्या १९८६च्या विजेत्या संघाचा अंतिम गुणफलक विचारा, लोक डोके खाजवतील. (७२-६९.)

कोणी म्हणेल, जखमेवरची खपली कशाला काढायची? पुढच्याच हंगामात नव्या प्रशिक्षकाने २७ सामने जिंकून दिले की! दिले, पण जिंकलेल्या सामन्यावर गप्पा मारून मारून किती मारणार? शिवाय विजय ही बेभरवशाची मालमत्ता आहे. २०१३चे विजेतेपद या चाहत्यांनी डोळ्यांदेखत जिंकलेले पाहिले. २०१८ साली राष्ट्रीय संघटनेने नियमभंगापायी ते रद्द केले आणि छताला टांगलेली पताका शिडी लावून उतरवावी लागली. पराभव रद्द करायला मात्र सहसा कोणी येत नाही. म्हणून नम्र सूचना: पेन यांच्या पहिल्या हंगामाचा '४-२८' हा आकडा लाल कापडावर छापून त्या रिकाम्या जागी समारंभपूर्वक टांगावा. शिडी परत केली तरी चालेल.