पॅकिंगकाका

बडोद्याच्या मराठी वस्तीत, दांडिया बाजारापासून बाबाजीपुऱ्यापर्यंत, दर दोन गल्ल्यांआड एक पॅकिंगकाका सापडतोच. त्याचं खरं नाव मतदार यादीत असतं, वापरात नसतं. वय सत्तरीच्या आसपास, अंगात बाह्यांचा बनियन, चष्म्याला दोरी, खिशात टॉर्च आणि दारात अशी एक गाडी, जिच्याखालची जमीन वैशाखातही ओली.

आमच्या गल्लीतल्या काकांची गाडी म्हणजे टाटामोबाईल पिकअप. मकरपुरा जीआयडीसीत त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं, तेव्हा माल पोचवायला घेतलेली. पुढे मुलगा कॅनडाला गेला, काकांचे गुडघे गेले, वर्कशॉप गेलं, लेथ भंगारात गेली. पिकअप राहिली. आता तिच्या हौद्यातून उन्हाळ्यात काकूंचे वर्षाचे गहू येतात आणि भाद्रपदात मंडळाचा गणपती जातो. उरलेले दिवस ती दारात उभी राहून टपकते.

गाडी विका असं कुणी सुचवलं, की काका आधी तिचं कूळ सांगतात. टाटांनी 1988 साली ही बाजारात आणली. पुढच्या सिएरा आणि सुमो याच घराण्यातल्या. मग स्वतःचं कूळ. काकांचे आजोबा कलाभवनाचे. सयाजीराव महाराजांनी 1890 साली काढलेली ही संस्था 1949 नंतर विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग फॅकल्टीत गेली, आणि काका तिथलेच पदविकाधारक. दादासाहेब फाळकेही कलाभवनातच शिकले, पण त्यांनी सिनेमा काढला याचं काकांना फारसं कौतुक नाही. “इतका हुशार माणूस, मशीनकडे वळला असता तर!” असं ते हळहळून म्हणतात.

काकांचा दिवस पुठ्ठ्याने सुरू होतो. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा रात्री इंजिनाखाली सरकवायचा, सकाळी चहाआधी बाहेर ओढायचा आणि जोशीबुवा कुंडली मांडतात तसा ओट्यावर पसरायचा. प्रत्येक डागाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ, बाजूला तारीख. काळा डाग इंजिन ऑइलचा, लालसर डाग असेल तर स्टिअरिंगची चौकशी, हिरवट असेल तर रेडिएटर. मग दूधवाल्याला थांबवून हिशेब: दर मिनिटाला एक थेंब, वीस थेंबांचा एक मिलिलिटर, म्हणजे दिवसाला 72 मिलिलिटर. लिटरचा डबा चौदा दिवसांत खलास. दूधवाला मान डोलवतो. मापात थेंबाथेंबाचा विचार करणारं गिऱ्हाईक त्यालाही परवडणारं नसतं, म्हणून तो लवकर निघतो.

टपकणारी गाडी ही सार्वजनिक मालमत्ता असते. येणारा-जाणारा वाकतो, खाली बघतो आणि निदान देतो. रिक्षावाला म्हणतो चेंबरचं पॅकिंग, इस्त्रीवाला म्हणतो ऑइल सील, निवृत्त पोस्टमास्तर म्हणतात, “हल्ली ऑइलच पातळ येतं.” पानवाल्याला कोयलीची रिफायनरी आठवते, 1965 पासून ती शहराच्या कडेला चालू आहे. तो रोज न चुकता विचारतो, “काका, कोयलीथी सीधी लाइन लीधी छे के शुं?”

काका कुणावर चिडत नाहीत. ते प्रत्येकाला उभं करून शिकवतात.

“थेंब पडतो तिथे चोर नसतो,” हे त्यांचं पहिलं सूत्र. तेल वरून खाली येतं आणि गाडी चालली, की वाऱ्याने मागे जातं. म्हणून मागच्या टोकाला थेंब दिसला, की अडाणी माणूस गिअरबॉक्स उतरवायला धावतो आणि तेल निघालेलं असतं वरच्या टॅपेट कव्हरमधून. खरा शोध घ्यायचा तर इंजिन डिझेलने धुवायचं, कोरडं पुसायचं, वर टाल्कम पावडर भुरभुरायची, गाडी थोडी चालवायची आणि मग सगळ्यांत वर, सगळ्यांत पुढे पावडर कुठे भिजली ते बघायचं. पद्धत बिनचूक आहे. फक्त पावडर काकूंची असते. लग्नाकार्याच्या सकाळी काकू डबा उलटा करून झटकतात, तेव्हा बाहेर इंजिन मात्र नवरीसारखं गोरंपान दिसत असतं.

दुसरं सूत्र आवळण्याबद्दल. चेंबरचे बोल्ट जोर लावून आवळले, की पत्र्याची कड वाकते, मधलं पॅकिंग चेपून बाहेर येतं आणि गळती दुप्पट होते. “समोरासमोरचे आवळायचे. थोडे थोडे. सगळे सारखे,” असं म्हणताना काकांचा हात हवेत पाना धरतो आणि चेहरा सतार जुळवणाऱ्या उस्तादासारखा होतो. मात्र आवळायला बसलेला गॅरेजचा पोरगा एका बोल्टवरून दुसऱ्यावर जाईपर्यंत काकांचं त्याला कलाभवन, लेथ आणि त्यांच्या वर्कशॉपात कधीच परत न आलेला जॉब असं सगळं सांगून होतं. पोरगा कुठला बोल्ट आवळला ते विसरतो. मग काका सगळे सैल करायला लावतात.

एवढ्या विद्वत्तेपुढे गळती खरं तर शरण यायला हवी होती. टॅपेट कव्हरला नवं कॉर्कचं पॅकिंग बसलं. तिथे थांबली, चेंबरला सुरू झाली. चेंबर उतरवून साफ केला, सोल्युशन लावून बसवला; मग ड्रेन प्लगपाशी थेंब दिसला. तिथे तांब्याचा नवा वॉशर आला, तर ऑइल प्रेशरचा स्विच ओला. काका खचले नाहीत. उलट प्रत्येक नव्या गळतीबरोबर त्यांच्या डोळ्यांत तेज यायचं. त्या वर्षी विसर्जनाला गणपती नवलखीच्या तलावाकडे निघाला, तेव्हा मागे रेंगाळलेल्या झांजपथकाला रस्ता विचारावा लागला नाही. थेंबांमागून ते बरोबर पोचले. काकांनी याचंही श्रेय गाडीला दिलं.

शेवटी प्रतापनगरकडचा एक गॅरेजवाला भेटला. हा बोलतच नाही. काकांचं व्याख्यान चालू असताना त्याने इंजिन सुरू केलं, वरचं ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तिथे तळहात धरला. भोकातून भकाभक वाफ आली. मग त्याने ब्रीदरची नळी उपसली, तिच्यात फुंकर मारली, ती पलीकडून बाहेर आलीच नाही. नळी काळ्या गाळाने ठार बंद. तो एवढंच म्हणाला, “काका, गाडी श्वास ज नथी लेती.”

इंजिनात जळणाऱ्या वायूंपैकी थोडे पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतात, जुन्या इंजिनात जरा जास्तच. त्यांनी बाहेर जावं म्हणून ब्रीदर असतो. तो तुंबला, की आत दाब वाढतो आणि सगळ्यांत कच्च्या सांध्यातून तेल बाहेर ढकलतो. तो सांधा पक्का करा, दाब त्याच्या खालोखाल कच्चा सांधा शोधतो. काका इतकी वर्षं जिथे ओलं दिसेल तिथे बघत होते, आणि ब्रीदरची नळी बिचारी वरच्या बाजूला कोरडी ठणठणीत बसलेली होती. गॅरेजवाल्याने ती डिझेलमध्ये बुडवून साफ केली, दाबाने खराब झालेलं मागचं ऑइल सीलही गिअरबॉक्स उतरवून बदललं. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरा. तिसऱ्या दिवशीही कोरा.

गल्लीला आनंद झाला. काकांना ताप आला. पुठ्ठा घेऊन ते ओट्यावर बसायचे, पण वाचायला अक्षर नव्हतं. दूधवाला थांबेना, पानवाल्याचा विनोद बंद पडला. मग काकांनी घरात लक्ष घातलं. काकूंच्या कुकरची रिंग तपासली, मिक्सर उघडला, सोसायटीच्या पंपाखाली पुठ्ठा सरकवला.

काकूंनी सगळं शांतपणे पाहिलं आणि मला म्हणाल्या, “अहो, गाडीचं निदान त्या पोराने केलं, ह्यांचं मी करते. वर्कशॉप होतं तेव्हा दिवसभर कामगारांवर बोलून घ्यायचे, घरी येईपर्यंत गार. ते बंद झालं नि ब्रीदर तुंबला. आता दिसेल त्या फटीतून बाहेर येतंय. एकेक फट बुजवून काय उपयोग?”

त्याच संध्याकाळी त्या स्वतः प्रतापनगरला गेल्या आणि गॅरेजमध्ये काकांसाठी एक स्टूल मागून आल्या.

योजना नामी ठरली. काका रोज दहाला डबा घेऊन पिकअपमधून निघतात. काकूंचा कुकर सुखात शिट्ट्या देतो, पावडरचा डबा महिनाभर पुरतो. गॅरेजच्या पोरांना बोल्ट समोरासमोरचे आवळायची सवय लागली, हे मालकही कबूल करतो. पण ऑइल बदलायला आलेलं गिऱ्हाईक आता पाऊण तास उभं राहतं, सयाजीरावांपासून सुमोपर्यंत ऐकतं, पटून जातं आणि ऑइल न बदलताच निघून जातं, कारण काकांच्या मते ते अजून हजारभर किलोमीटर सहज चालेल.

गेल्या आठवड्यात तो न बोलणारा गॅरेजवाला आमच्या गल्लीत आला. काका घरी नाहीत याची खात्री करून घेतली, ओट्यासमोर उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, “काकी, ब्रीदर पाछो बंद करी आपो ने!”