परवाहनारोहण : एक शास्त्रीय विवेचन

मराठीत 'गाडी' हा शब्द बैलगाडीपासून आगगाडीपर्यंत अनेक अर्थांनी वापरला जात असला, तरी पुणे, सातारा किंवा कोल्हापूर येथे 'गाडी कुठं लावलीस?' असे विचारणाऱ्याच्या मनात बैलही नसतात आणि इंजिनही नसते; तेथे गाडी म्हणजे दुचाकी, आणि 'आपली गाडी' म्हणजे जिची किल्ली आपल्या खिशात, जिचा हप्ता आपल्या खात्यातून आणि जिच्याविषयीचे मत आपल्या स्वभावातून निघते अशी दुचाकी होय. हे मत सहसा ढळत नाही. पेट्रोलच्या दराने ते बदलत नाही, गॅरेजच्या बिलाने बदलत नाही, आणि भर पावसात अर्ध्या रस्त्यात गाडी बंद पडली तरी दोष पावसालाच दिला जातो. ते ढासळते ते एकाच कारणाने, आणि ते कारण म्हणजे परवाहनारोहण, अर्थात दुसऱ्याच्या दुचाकीवर, मालकाच्या संमतीने, 'पाच मिनिटांत आलो' एवढ्या मुदतीकरिता स्वार होणे. या व्याख्येतील संमती हा घटक महत्त्वाचा आहे, कारण तिच्या अभावी हीच क्रिया पोलिसांच्या अखत्यारीत जाते. मुदत हा घटक तितका महत्त्वाचा मानण्याचे कारण नाही, कारण ती पाळली गेल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

या विषयाचा शास्त्रीय पाया बराच जुना असून तो घालणाऱ्यांपैकी कोणीही मोटरसायकल पाहिलेली नव्हती. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक याने सतराव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले की एकच पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्या हाताला गरम लागू शकते, कारण पाण्यात बुडण्यापूर्वी तो हात कोठे होता यावर ते अवलंबून असते. पुढे एकोणिसाव्या शतकात लाइपझिगचे अर्न्स्ट वेबर यांनी माणसांना वजने उचलायला लावून असा नियम मांडला की जाणवण्याजोगा फरक हा मुळात हातात किती आहे त्याच्या प्रमाणात असतो. म्हणजे हलक्या ओझ्यात पडलेली थोडीशी भर लगेच कळते, आणि जड ओझ्यात तेवढीच भर पडली तर पत्ताही लागत नाही. या दोन्ही सिद्धान्तांचा खरा विनियोग मात्र महाराष्ट्रातील पार्किंगमध्ये झाला. १९९४ मध्ये बाजारात आलेली, ९७.२ सीसीची स्प्लेंडर घ्यावी. सीसी म्हणजे इंजिनाच्या नळकांड्यात दट्ट्याच्या एका फेरीत सामावणारी जागा, घनसेंटिमीटरमध्ये मोजलेली. सुमारे आठ हॉर्सपॉवरची ही सालस गाडी, लूनावरून उतरलेल्या माणसाला विमानासारखी वाटते आणि बुलेटवरून उतरलेल्या माणसाला पंक्चर काढून आणलेल्या सायकलीसारखी वाटते. गाडी तीच असते, सकाळ तीच असते, टाकीतले पेट्रोलही तेवढेच असते. बदललेले असते ते केवळ वीस मिनिटांपूर्वी बुडाखाली काय होते एवढेच. तेव्हा स्वतःच्या गाडीविषयीचे मत हे त्या गाडीविषयीचे नसून आदल्या गाडीविषयीचे असते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

मालकाचे त्याच्या गाडीविषयीचे ज्ञान हा याच विषयाचा उपविभाग असून त्याचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे. हे ज्ञान यंत्रविषयक नसते, ते कौटुंबिक असते. किल्ली दुसऱ्याच्या हाती देताना मालक जे सांगतो ते ऐकावे: 'चोक अर्धाच ओढ, पूर्ण ओढलास तर पितेय. दुसऱ्यातून तिसरा टाकताना जरा थांब. हॉर्न वाजत नाही, पण डावा इंडिकेटर लावला की वाजतो. साइड स्टँड आपोआप खाली येतो, पायानं बघत राहा. आणि रिझर्व्हला लागलीय, पण पंपापर्यंत जाते.' यातील प्रत्येक वाक्य वस्तुतः एका बिघाडाची नोंद आहे. परंतु मालकाच्या तोंडी त्या बिघाडांना घरातल्या थोरल्या काकांच्या तऱ्हेवाईकपणासारखी प्रतिष्ठा लाभलेली असते आणि त्यांची दुरुस्ती सुचवणे हा उद्धटपणा ठरतो. चोक म्हणजे थंड इंजिनात हवा कमी आणि पेट्रोल जास्त जावे म्हणून केलेली झडप, आणि रिझर्व्ह म्हणजे टाकीच्या तळाशी राखून ठेवलेला इंधनाचा शेवटचा हिस्सा, जो मुळात आणीबाणीसाठी असतो आणि प्रत्यक्षात महिन्यातील शेवटच्या दहा दिवसांसाठी वापरला जातो. परवाहनारोहणाचा पहिला परिणाम असा की ज्याने मित्राच्या गाडीवरील हे सारे काकालोक एकाच फेरीत ओळखून मनातल्या मनात त्यांची निर्भर्त्सना केली, तो स्वतःच्या गाडीवर परत बसताच त्याला तिच्यावरही तितकेच काका बसलेले दिसू लागतात. या अवस्थेला दोषदर्शन म्हणावे. ती फार तर तिसऱ्या दिवसापर्यंत टिकते, कारण तोवर पाय पुन्हा साइड स्टँड बघू लागलेला असतो.

ज्ञान पायात असते याचा सर्वांत कठोर पुरावा जुन्या बुलेटने दिलेला आहे. मूळच्या इंग्लंडातील रेडिच येथील ही गाडी १९५५ पासून मद्रासेत बनू लागली, पुढे तिकडचा कारखाना बंद पडला आणि इकडचा चालू राहिला. या सर्व स्थित्यंतरांत तिने इंग्रजी शिस्तीप्रमाणे गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी ठेवण्याचा हट्ट कित्येक दशके सोडला नाही. परिणामी स्प्लेंडरवर वाढलेला तरुण अशा बुलेटवर बसून चौकात ब्रेक दाबायला जाई आणि गिअर बदलून अधिक वेगाने चौक ओलांडे. आणि बुलेटचा मुरलेला मालक त्या तरुणाच्या गाडीवर गिअर टाकायला जाऊन जागच्या जागी उभा राही. दोघेही खाली उतरल्यावर एकच वाक्य म्हणत, की 'काय गाडी आहे का ही!' त्या बुलेटला किक मारण्याचा विधीही सोपा नव्हता. ॲमीटरचा, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या तबकडीचा, काटा मधोमध येईपर्यंत किक हळूहळू दाबायची, डीकॉम्प्रेसर नावाची छोटी दांडी ओढून नळकांड्यातील दाब सोडायचा, दट्ट्या माथ्यावरून किंचित पुढे न्यायचा आणि मगच पूर्ण वजनाने किक मारायची. यांत चूक झाली की किक उलटी येऊन पोटरीवर आपली स्वाक्षरी करी. म्हैसूरच्या कारखान्यातून निघालेल्या येझदीने तर किक आणि गिअर ही दोन कामे एकाच दांडीवर सोपवलेली होती, आणि बजाजची चेतक सकाळी सुरू होण्यापूर्वी मालकाने तिला कुशीवर कलंडवावे अशी अपेक्षा धरून असे. हे सारे विधी ज्यांना साधत त्यांची आपल्या गाडीवरील निष्ठा अढळ राही, आणि ती निष्ठा गाडीच्या गुणांवर नसून स्वतःच्या कष्टांवर होती, हे आता बटण दाबून सुरू होणाऱ्या युगात उघड करण्यास हरकत नाही.

याउलट वरच्या श्रेणीतील आरोहणाची कथा आहे. पल्सर २००१ साली आली तेव्हा ती चालवणारा गल्लीत वेगळा उठून दिसे. पुढे बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत हिस्सा घेतला, २०१२ मध्ये ड्यूक २०० बाजारात आली, आणि पल्सरचे असंख्य मालक मित्राची ड्यूक एकदा 'मारून' आल्यावर स्वतःच्या गाडीकडे वधूपक्षाने नाकारलेल्या स्थळाकडे पाहावे तसे पाहू लागले. परदेशी गाडीची गोष्टच वेगळी, असे ते गंभीरपणे सांगत. वास्तविक ती परदेशी गाडीही पल्सरप्रमाणेच चाकणला बनत होती आणि दोघी एकाच पाण्यावर वाढलेल्या होत्या. येथे मात्र वेबर यांचा नियम निर्दयपणे आपले काम करतो: ज्याने ड्यूक विकत घेतली त्याला सहा महिन्यांनी तिचा जोर जाणवेनासा होतो, तो मग मित्राची याहून मोठी गाडी मारून येतो, आणि हप्त्यांची शिडी तेवढी वाढत जाते.

शोरूममधील टेस्ट राइड ही या शास्त्राची व्यापारी शाखा होय. तिच्यात मार्ग विक्रेता ठरवतो, गतिरोधक शक्यतो टाळले जातात, टाकीत पेट्रोल जेमतेम फेरीपुरते असते आणि विक्रेता स्वतः डबलसीट बसून कानात पिकअपचे गुणगान करीत राहतो. परतल्यावर दाराशी उभ्या असलेल्या जुन्या गाडीची किक मारावी लागते, आणि तो एकच क्षण नव्या गाडीची निम्मी विक्री करून टाकतो.

आवाजाचा प्रश्न स्वतंत्र विवेचनास पात्र आहे. जानेवारी २०२० मध्ये चेतकचे नाव घेऊन आलेली विजेवरची स्कूटर पुण्यात आणि बंगळुरूत विकली जाऊ लागली, आणि ती चालवून आलेल्या माणसाला शांततेतून स्वतःच्या गाडीकडे परतावे लागले. तोवर ज्याने दहा वर्षे आपल्या गाडीला 'एकदम स्मूथ' म्हटले होते, त्याला त्या शांततेनंतर टॅपेटची टकटक, चेनकव्हरची कुरकुर, मडगार्डचा थरथराट आणि कोठून येतो हे न कळणारा एक चौथा आवाज असा संपूर्ण वाद्यवृंद ऐकू येऊ लागला. टॅपेट म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा भाग, जो सैल झाला की टकटकतो. हा मालक गॅरेजात जातो आणि 'आवाज येतोय' म्हणतो, मेकॅनिक 'कुठून?' विचारतो, मालक 'येतोय' एवढेच सांगू शकतो, मेकॅनिक एक फेरी मारून येतो आणि काहीही येत नसल्याचे जाहीर करतो. मेकॅनिकचे बरोबर असते. तो दिवसाला पंधरा गाड्या मारतो, आणि पंधरा गाड्या मारणाऱ्यास कोणतीच गाडी वाईट वाटत नाही, हा अनुभवसिद्ध निष्कर्ष इतर सर्व सिद्धान्तांपेक्षा अधिक विश्वसनीय आहे.

अशाच एका तौलनिक दुःखाचा उगम कायद्यात आहे. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत आपोआप पेटलेला राहू लागला आणि तो बंद करण्याचे बटणच नाहीसे झाले. जुन्या गाडीचा मालक दुपारी मित्राची नवी गाडी घेऊन निघतो, तेव्हा समोरून येणारा प्रत्येक सज्जन हाताची बोटे उघडून-मिटून त्याला लाइट चालू असल्याची खूण करतो, आणि तो नसलेले बटण अंगठ्याने शोधत लक्ष्मी रोड पार करतो. स्वतःच्या गाडीवर परतून ते बटण हाताला लागताच त्याला जे समाधान होते, ते पाहता मनुष्याला सोय नको असते, बटण हवे असते, असे वाटू लागते.

येथवरचे सर्व विवेचन हँडल धरणाऱ्याविषयीचे झाले. परंतु गाडीविषयीचे अंतिम मत महाराष्ट्रात मागच्या सीटवर तयार होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मागे बसणाऱ्यासाठी धरण्याची मूठ, पाय ठेवायला जागा आणि निम्म्याहून कमी नाही इतके मागचे चाक झाकणारे संरक्षण सक्तीचे केले, ज्याला लोक साडीगार्ड म्हणतात. नियमकर्त्यांनी मागच्या सीटवरील मताविरुद्ध मात्र कोणतेही संरक्षण दिलेले नाही. गोव्यात पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवरून भाडे नेणाऱ्या पायलटला याची चिंता नसते, कारण त्याचे गिऱ्हाईक दर फेरीला बदलते. गृहस्थाची गोष्ट निराळी आहे. त्याने पिकअप, ग्रिप, ॲव्हरेज, रीसेल अशा सर्व अंगांनी आपल्या गाडीची श्रेष्ठता सिद्ध केलेली असते, लिटरला किती देते याचा आकडा दरवर्षी दोनाने वाढवलेला असतो, आणि एका रविवारी पत्नी माहेरहून भावाच्या गाडीवर बसून येते व चहा टाकता टाकता सहज म्हणते, 'दादाच्या गाडीवर पाठ नाही दुखली.' या वाक्यावर कोणताही युक्तिवाद चालत नाही, कारण पाठ तिची असते. त्या संध्याकाळी तो गृहस्थ मेव्हण्याची गाडी 'जरा बघतो' म्हणून कोपऱ्यापर्यंत नेऊन आणतो, आणि परतल्यावर तिचे हँडल थोडे जड असल्याचे घोषित करतो.

अर्थशास्त्रानेही या वृत्तीची दखल घेतलेली आहे. रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यांनी सहकाऱ्यांसह काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग वाटले आणि असे आढळले की मग आपला झाला म्हणताच त्याची विक्रीची अपेक्षा, तो विकत घेऊ पाहणाऱ्यांच्या तयारीच्या दुपटीहून अधिक होते. वस्तू आपली झाल्याने ती मोलाची वाटू लागणे यास स्वामित्व-परिणाम म्हणतात. या प्रयोगासाठी मग आणण्याची गरज नव्हती. आपल्याकडील जुन्या गाड्यांच्या जाहिरातींतील 'सिंगल ओनर, डॉक्टर वापरत होते' एवढे वाक्य वाचले असते तरी चालले असते. मात्र त्याच मालकाला शेजाऱ्याची तीच गाडी, त्याच सालातील, त्याच रंगातील, विकत घ्यायची असेल तर तो टायर पाहतो, सायलेन्सरपाशी हात धरून धूर पाहतो आणि 'फार चालवलीय हो' म्हणतो.

तात्पर्य शोधणाऱ्यांची येथे निराशा होईल, परंतु गाडी मागून नेणाऱ्यांस एक विनंती करणे आवश्यक आहे. आपण जितके पेट्रोल जाळले तितके टाकून द्यावे, वळवलेले आरसे होते तसे करून ठेवावेत, आणि किल्ली परत देताना 'तुझी गाडी ओढत नाही रे' हे वाक्य निदान मालक तिच्यावर बसेपर्यंत तरी उच्चारू नये.